पतंगांसाठी एक पांढरी चादर

घराच्या भिंतीवर, कोपऱ्यात, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी चिकटलेली असते. जळमटांबरोबर तीही झाडली जाते. पण दोन मिनिटे थांबून पाहिले, तर ती हळूच सरकते! एका टोकातून इवले डोके बाहेर येते, पिशवी पुढे ओढते आणि धक्का लागताच आत जाते. ही पतंगाची अळी. रेशीम आणि धुळीच्या कणांचे हे घर अंगावर वागवत ती कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकर खाते.

म्हणजे पतंग पाहायला जंगलात जायलाच हवे असे नाही. वसईतल्या राजोडीत तर मुळीच नको. अर्नाळा आणि कळंब यांच्या मधल्या या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत आणि वसईचा सारा पट्टा फुलांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मोगऱ्याची कळी पोखरणारी अळी बागायतदाराची जुनी वैरीण, तीही पतंगाचीच.

दारातल्या तगरीची पाने रातोरात फस्त झालेली दिसली, की आधी जमिनीकडे पाहावे. मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. त्यांच्या बरोबर वरच्या फांदीवर बोटाएवढी हिरवी अळी सापडते. शेपटाशी छोटे शिंग, मानेजवळ दोन निळसर डोळे. डोळे खोटे आहेत, पण डिवचल्यावर ती खरे डोके आत ओढते आणि ते वटारल्यासारखे दिसतात. कण्हेरीवर, सदाफुलीवरही ही अळी वाढते. कोशात जाण्याआधी तपकिरी पडून पालापाचोळ्यात उतरते. तिच्यातून निघणारा हॉकमॉथ पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा असतो आणि फुलासमोर हवेत तरंगत मध पितो. तगरीला पाने पुन्हा फुटतात. कुंडीतली अळी मारू नये.

भारतात फुलपाखरांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, पतंगांच्या १० हजारांहून अधिक. पावसाळ्यात, अमावास्येच्या आसपास, दोरीवर पांढरी चादर टांगून समोर दिवा लावला की त्यांतले कितीतरी पतंग येऊन बसतात. फोटो काढायला मोबाइल पुरेसा आहे. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर धरला तर पंखांवरची चमक मरते. पहिला फोटो सरळ वरून, पंख पूर्ण दिसतील असा. मग बाजूने, मिशांसह. तारीख, वेळ आणि जागा नोंदवून फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले, की ओळखणारे जाणकार भेटतात. २०१२पासून दर जुलैच्या अखेरीस ‘नॅशनल मॉथ वीक’ असतो. सुरुवात अमेरिकेत झाली, आता भारतातही अनेक जण चादरी टांगतात.

पतंग ज्योतीवर भाळतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र वेगळेच दिसले. उडणारे अनेक कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ, म्हणून एरवी त्यांचा तोल नीट राहतो. जवळ दिवा आला की पाठ त्याच्याकडे कलते आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतात. ही ओढ नव्हे, कोंडी आहे. तेवढा वेळ जोडीदार शोधणे नाही, अंडी घालणे नाही. वर पाली टपलेल्या.

तेव्हा तास-दोन तासांत फोटो आटोपावेत, चादर हलकेच झाडापाशी झटकावी आणि झोपण्याआधी अंगणातला दिवा आठवणीने बंद करावा.