तिसऱ्या चिठ्ठीनंतर

इंग्लंडातील ट्रसेल ट्रस्ट या संस्थेशी संलग्न असलेल्या अन्नपेढ्यांत, ज्यांना तिकडे फूड बँक म्हणतात त्या केंद्रांत, उपाशी माणसाने नुसते दारात येऊन मागितले म्हणजे शिधा मिळतो असे नाही. डॉक्टर, शाळा, समाजसेवा खाते किंवा सल्लाकेंद्र यांपैकी कोणीतरी त्याच्या अडचणीची खात्री करून चिठ्ठी द्यावी लागते, आणि ती चिठ्ठी दाखविली म्हणजे तीन दिवस पुरेल इतके डबाबंद व कोरडे अन्न पिशव्यांत भरून त्याच्या हाती येते. या व्यवस्थेस संस्थेने बराच काळ एक मर्यादा जोडलेली होती: एका कुटुंबास सहा महिन्यांत साधारणतः तीन चिठ्ठ्या. ही मर्यादा पोलादी नव्हती. केंद्रचालकास चिठ्ठी देणाराशी बोलून ती ओलांडण्याची मुभा होती. तरीही तीन हा आकडा देणाराच्या आणि घेणाराच्या मनात पक्का बसला, आणि चौथ्यांदा येणारा माणूस आपण काही तरी अपराध करीत आहोत अशा मुद्रेने येऊ लागला.

या आकड्याचा साधा हिशेब मांडून पाहावा. तीन चिठ्ठ्या, प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे सुमारे 180 दिवसांपैकी 9 दिवसांचे अन्न. आता त्याच देशातील सरकारी निर्वाहभत्त्याची, 2013 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या युनिव्हर्सल क्रेडिटची, पद्धत अशी की अर्ज केल्यापासून पहिली नियमित रक्कम हाती पडण्यास पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी उचल मिळते, परंतु ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते. म्हणजे जो मनुष्य सरकारी नियमानेच 35 दिवस थांबला, त्याच्या तिन्ही चिठ्ठ्या त्या मुदतीतच संपल्या तरी 26 दिवस उरतात, आणि पुढचे पाच महिने उचलीच्या कपातीत काढावयाचे ते वेगळेच. संकट पाच आठवड्यांचे आणि मदत नऊ दिवसांची, असे असता मर्यादा ओलांडणाराच्या स्वभावात आळस शोधणे हा मला उघड अन्याय वाटतो.

ही संस्था 1997 साली सॉल्सबरी येथे स्थापन झाली आणि तिची तेथील पहिली अन्नपेढी 2000 साली उघडली. 2013-14 या वर्षात तिच्या जाळ्यातून सुमारे 9 लाख 13 हजार माणसांना पुरेल इतका आणीबाणीचा शिधा वाटला गेला. 2023-24 मध्ये शिध्यांची संख्या 31 लाखांवर पोहोचली. मुळात या कल्पनेचा उगम अमेरिकेतील. ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी 1967 साली जॉन व्हॅन हेंगल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली ती बाजारात वाया जाणारे परंतु खाण्याजोगे अन्न साठवून वाटण्यासाठी. साठा ही त्या कल्पनेची पहिली अट होती, आणि साठा म्हटला म्हणजे तो संपण्याचे भयही आलेच. आज तेथील अनेक केंद्रांत महिन्यातून एकदाच यावे असा नियम असतो.

मर्यादेच्या बाजूने जे बोलले जाते ते क्षुद्र बुद्धीने बोलले जाते असे मी मुळीच मानीत नाही. अन्नपेढी चालविणारी माणसे बहुधा विनावेतन राबणारी असतात. नाताळच्या सुमारास दात्यांचे मन उदार झालेले असते आणि उन्हाळ्यात फळ्या रिकाम्या पडतात. ज्याला यंत्रणेचा सराव झाला तो वेळेवर येऊन घेऊन जातो आणि जो लाजेने उशिरा आला तो रिकाम्या हाताने परततो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. तेव्हा सर्वांना थोडे तरी मिळावे म्हणून एकाला वारंवार देऊ नये, हा विचार न्यायबुद्धीतूनच उपजतो. तथापि त्या विचाराबरोबर एक दुसराही विचार नकळत येऊन बसतो: वारंवार दिले तर सवय लागेल. पहिला विचार साठ्याचा आहे, दुसरा माणसाच्या शीलाचा. आणि या दोहोंना एकाच नियमात गुंफल्यामुळे जो गोंधळ होतो त्याचे प्रत्यक्ष प्रमाण आपल्या दख्खनच्या इतिहासात दडलेले आहे.

1876 च्या पावसाने दगा दिला आणि सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर या मुलखात दुष्काळ पसरला. त्या वेळी व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळनिवारणाची पाहणी करण्यासाठी जानेवारी 1877 मध्ये रवाना केले. या गृहस्थांनी तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मनुष्यहानी जवळजवळ टाळली होती, आणि त्याचे पारितोषिक म्हणून खर्चिकपणाबद्दल सरकारदरबारी दूषण पदरी घेतले होते. दख्खनमध्ये ते आले ते त्या दूषणाचे ओझे घेऊन. आणि सरकारी कामावरील धडधाकट पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर थोडा रोकड पैसा, स्त्रियांस व मुलांस त्याहूनही कमी, असा मजुरीचा दर त्यांनी घालून दिला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे अन्न. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी विल्यम कॉर्निश यांनी याविरुद्ध जाहीर हरकत घेतली आणि किमान दीड पौंड धान्य व सोबत डाळ-भाजी असावी असा आग्रह धरला. शिवाय गरजू कोण हे ओळखण्यासाठी घरापासून दूरच्या कामावर जाण्याची अट लादण्यात आली, कारण जो खरोखर भुकेला असेल तोच इतके चालेल अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती.

मुंबई इलाख्यात या दरांविरुद्ध हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. 1870 साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, या मजुरांची कैफियत सरकारपुढे मांडली. गावोगावच्या परिस्थितीची माहिती गोळा करून ती सरकारकडे पाठविली. त्या नोंदी आज वाचताना मन अस्वस्थ होते, कारण उपासमार सोसूनही माणसे काम टाकतात याचा अर्थ अधिकाऱ्यांनी त्यांच्या अरेरावीत शोधला, आणि सभेने तो दराच्या अपुरेपणात शोधला. पुढे मद्रासेत टेंपल यांचा दर मागे घ्यावा लागला. त्या दुष्काळात ब्रिटिश हद्दीत पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज 1880 च्या दुष्काळ आयोगाने केला. आणि याच आयोगाने, दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांस हक्क आहे असे एकदा मानले तर ते सर्व काळी मागू लागतील, अशी भीतीही आपल्या अहवालात नमूद करून ठेवली. सवयीचे भय हे असे जुने आहे. 1834 च्या इंग्लिश गरीब कायद्यातून ते इकडे आले. आणि 1996 साली अमेरिकेने सरकारी अन्नसाहाय्याच्या कायद्यात, ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही अशा धडधाकट प्रौढांना आठवड्याला 20 तासांचे काम नसेल तर तीन वर्षांत तीनच महिने मदत, अशी कलमे घातली, त्यातही तेच भय बोलते.

या भयाची परीक्षा महाराष्ट्रानेच घेतलेली आहे. 1972-73 च्या अवर्षणात राज्याने गावोगाव कामे काढली, आणि मे 1973 मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आधीच करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग त्यातून पुढे आला, आणि 1977 च्या कायद्याने, जो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, ग्रामीण भागातील काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढास काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. या कायद्यात दिवसांचे माप नव्हते. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने कुटुंबास वर्षाला 100 दिवसांची हमी दिली, आणि त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्या कायद्यान्वये स्वतःकडे ठेवला. दिवसांचे माप नसल्यामुळे महाराष्ट्रातील शेतमजूर बारमाही सरकारी खडीवर बसून राहिला काय? तसे झाले नाही. पाऊस लागून पेरणीची कामे सुरू झाली की कामांवरील हजेरी उतरे, आणि उन्हाळ्यात ती चढे. खोट्या हजेरीपटांचे प्रकार घडले, मजुरी थकली, हे खरे आहे. परंतु हा दोष दप्तराचा, मजुराचा नव्हे.

येथे कोणी विचारील की ती मजुरी होती, कष्ट ही तिची चाळणी होती, आणि फुकटच्या शिध्याला अशी चाळणी कोठे आहे? आहे. चिठ्ठी मागण्यासाठी आपले दारिद्र्य एका परक्या माणसापुढे सांगावे लागते, ओळखीची माणसे पाहतील या धास्तीने दुसऱ्या पेठेतील केंद्र शोधावे लागते, मुलांना न आवडणारे डबे नाइलाजाने घ्यावे लागतात. या चाळणीतून पुन्हा पुन्हा जाण्यास माणूस राजी होतो तो गरज शिल्लक असते म्हणूनच. आपल्याकडे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा 5 किलो व अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य ठरविले. तेही परिमित आहे, परंतु त्याचा आशय निराळा: एवढे तुझे, ते कोणी अडवू नये. 26 जानेवारी 2020 पासून निघालेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळे. प्रत्येक केंद्राच्या थाळ्या ठरलेल्या असत, तथापि काल जेवलास म्हणून आज नाही, असे म्हणण्याचा नियम त्यात नव्हता. साठ्याची मर्यादा साठ्यावरच ठेवावी, ती माणसाच्या अंगावर चिकटवू नये, हा विवेक मला यात दिसतो.

म्हणून माझे मत असे आहे की अन्नपेढीने फेऱ्यांची नोंद अवश्य ठेवावी आणि त्या नोंदीच्या आधारे कोणालाही परत पाठवू नये. साठा कमी असेल त्या आठवड्यात सर्वांचाच शिधा थोडा लहान करावा व तसे फळ्यावर लिहून ठेवावे. चौथ्यांदा आलेल्या माणसाला त्या दिवसाचे अन्न प्रथम द्यावे, आणि मग केंद्रचालकाने चिठ्ठी देणाराला दूरध्वनी करून विचारावे की भत्ता कोठे अडला, भाडे किती थकले, आजारपण कोणते आहे. कारण चौथी फेरी हा त्या कुटुंबाकडे आणखी कोणीतरी लक्ष द्यावे याचा पुरावा असतो. आणि पाच आठवड्यांची मुदत ठरविणाऱ्या खात्याला, सार्वजनिक सभेने केले तसे, वर्षातून एकदा सर्व नोंदी एकत्र करून आकड्यांसह अर्ज करावा: अमुक केंद्रात अमुक माणसे चौथ्यांदा आली, त्यांपैकी इतक्यांचा पहिला हप्ता अजून पडलेला नव्हता.