गाडी उलाळ होऊ नये म्हणून

बैलगाडीत मागं जास्त भार झाला की गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हा शब्द मला अमेरिकेतल्या भाच्यामुळं आठवला. आमच्या खडकीच्या घरी त्याचा फोन आला. ‘मामू, घर बदलतोय. भाड्याचा ट्रेलर पिकअपला जोडून हजार किलोमीटर जायचंय.’ तिकडं ही रीत जुनी आहे. यू-हॉल ही कंपनी १९४५ पासून या धंद्यात आहे.

नियम मात्र आपल्या गाडीवानाचाच. साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात हवं. म्हणजे कपाट, फ्रीज पुढं. गाद्या, कपडे मागं. भरलेला ट्रेलर ५०० किलोंचा असेल, तर ५० ते ७५ किलो भार जोडावर यावा. भार मागं गेला, तर जोड वर उचलला जातो, पिकअपच्या मागच्या चाकांची पकड सैल होते आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खातो. तेव्हा कचकन ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं, वेग आपोआप उतरू द्यावा.

यू-हॉलची वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. उतारावर बोरघाटात टाकतो तसा खालचा गिअर टाकावा. साखळ्या जोडाखालून फुलीसारख्या बांधाव्यात. जोड निसटला तरी ट्रेलरची दांडी त्या झोळीत अडकते.

बैल गुदमरला तर लगेच कळतं. पिकअप काही सांगत नाही. म्हणून थोडं अंतर गेल्यावर थांबावं, खाली उतरून जोड, साखळ्या नि टायर पाहावेत.