मॉनिटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

विहाराच्या अभ्यासिकेतला संगणक बहुधा कोणीतरी वापरून दान दिलेला असतो. त्याचा मॉनिटर बंद पडला की मुलांचा अभ्यास अडतो आणि समितीत दोन तट पडतात. एक म्हणतो दुरुस्त करा, दुसरा म्हणतो भंगारात द्या. वर्गणीचा पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा आहे. तेव्हा निर्णय तपासून आणि हिशेब करूनच घ्यावा.

प्रथम दोष कुठे आहे ते पाहावे. वायरी घट्ट बसवाव्यात. तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तिथे चालला तर दोष मॉनिटरचा नाही. सपाट मॉनिटर काळा दिसत असेल, तर पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. चित्र अंधुक दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. मॉनिटर लुकलुकत उशिरा सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे कपॅसिटर फुगलेले असतात. ते स्वस्तात बदलून मिळतात. मात्र पडदाच तडकला असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. पडद्याची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळपास जाते.

जुना, टीव्हीसारखा खोक्याचा मॉनिटर घरी कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्याच्या काचेच्या नळीत जिवावर बेतेल असा विजेचा दाब साठून राहू शकतो. शिवाय तो वीजही जास्त खातो. तो बिघडला तर बदललेलाच बरा.

आता हिशेब. समजा, दुरुस्तीला १,५०० रुपये लागतात आणि मॉनिटर आणखी एक वर्ष चालेल. नवा ६,००० रुपयांना मिळतो आणि सहा वर्षे चालेल. म्हणजे नवा वर्षाला १,००० रुपयांत पडतो, दुरुस्ती १,५०० रुपयांत. पण ६०० रुपयांत दोन वर्षे निघणार असतील, तर दुरुस्तीच करावी. मागे केलेला खर्च या हिशेबात धरू नये, तो परत येत नाही. कारागिराकडून खर्चाचा आकडा आणि हमी लेखी घ्यावी.

टाकाऊ मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नये. खोक्याच्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, जुन्या सपाट मॉनिटरच्या दिव्यात पारा. तो उघड्या हातांनी फोडणारा माणूसही गरिबाघरचाच असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा.

चुल्लवग्गात राजा उदेन आणि भदन्त आनंद यांचा संवाद आहे. दान मिळालेल्या इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा विचारतो. आनंद सांगतात, ती भिक्खूंना वाटू. जुनी झालेली चीवरे अंथरुणावर घालू, ती विरली की गादीची खोळ, मग पायपुसणे, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. दानाचा मान राखणे ते हेच. वस्तू चालेल तोवर चालवावी, चालेनाशी झाली की कोणाला इजा होणार नाही अशी निरोपावी. समितीने निर्णय सभेत घ्यावा आणि जमाखर्चाच्या वहीत कारणासह लिहून ठेवावा.

जयभीम!