चोरलेली कार्डं विकण्याची घाई

२०१३च्या नाताळाआधी अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ग्राहकानं कार्ड स्वाइप केलं, की गल्ल्यावरच्या यंत्रात लपवलेला प्रोग्रॅम चुंबकीय पट्टीवरची माहिती उचलून घेई. थोड्याच दिवसांत हीच कार्डं इंटरनेटवरच्या चोरबाजारात दिसू लागली, एकेकाची किंमत २० डॉलरपासून १००च्याही वर. खात्यात हजारो डॉलर असताना एवढ्या स्वस्तात का विकायचं?

हिशेब करून पाहा. एका कार्डाला एकच मिनिट दिलं आणि रात्रंदिवस काम केलं, तरी ४ कोटी कार्डांना ७६ वर्षं लागतील! शिवाय हा माल पहाटेच्या कोथिंबिरीसारखा. बँकेला सुगावा लागला की कार्ड बंद, आणि किंमत शून्य.

त्यातून नुसत्या आकड्यांचे पैसे होत नाहीत. ते कोऱ्या कार्डावर उतरवायचे, दुकानात जाऊन महागाच्या वस्तू घ्यायच्या, त्या विकायच्या. म्हणजे कॅमेऱ्यासमोर कुणीतरी उभं राहायला हवं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे ऑगस्ट २०१८मध्ये लुटले गेले, तेव्हा बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली. केवढं मनुष्यबळ लागलं असेल! संगणकात घुसणाऱ्याजवळ ते नसतं. म्हणून तो माल विकतो, आणि पकडलं जाण्याचा मोठा धोका विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

या बाजाराची बारकाई तर थक्क करते. कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून बँक कळते, त्यावरून भाव ठरतो. कार्ड बंद निघालं तर बदलून मिळण्याची हमी! टार्गेटची कार्डं तर ज्या दुकानात चोरीला गेली, त्याच्या पिनकोडसकट विकली गेली. मिनेसोटातलं कार्ड अचानक दूरच्या राज्यात चाललं तर बँक सावध होते. म्हणून गिऱ्हाईक आपल्याच गावची कार्डं निवडून घेई. ऑक्टोबर २०१९मध्ये अशाच बाजारात १३ लाखांवर कार्डं आली, बहुतेक भारतीय बँकांची. भाव प्रत्येकी १०० डॉलर.

पण विकायचं म्हणजे दुकान मांडावं लागतं, आणि दुकानात कुणीही येऊ शकतं. टार्गेटच्या वेळी एका छोट्या अमेरिकन बँकेनं त्या बाजारातून स्वतःचीच काही कार्डं विकत घेतली आणि त्यांच्यावरचे जुने व्यवहार तपासले. सगळी कार्डं नाताळाआधीच्या त्याच काही आठवड्यांत टार्गेटमध्ये वापरलेली होती.