निवांत बसण्याचा पगार

आग नसते तेव्हा अग्निशमन केंद्रात काय चालतं, हा प्रश्न अंदाजपत्रक मांडणाऱ्याला दरवर्षी पडतो. जवान होसपाइप तपासतात, शिडीचा सराव करतात, व्यायाम करतात, चहा पितात. बंब धुऊनपुसून उभा असतो. जमाखर्चाच्या भाषेत ही सगळी वाया जाणारी क्षमता. 2013 साली लंडनमध्ये नेमक्या याच हिशेबावरून भांडण जुंपलं आणि ते उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ज्या दलावरून हे भांडण झालं, ते मुळात सरकारनं काढलेलंच नाही. 1666 च्या महाभयंकर आगीनंतर लंडनमध्ये आगविम्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांनी आपापले बंबवाले पदरी ठेवले आणि विमा उतरवलेल्या घरांच्या भिंतींवर आपापल्या चिन्हाचे पत्रे ठोकले. 1833 मध्ये दहा कंपन्यांनी ही दलं एकत्र केली. 13 केंद्रं, 80 माणसं, आणि प्रमुख म्हणून एडिंबरोहून आणलेले जेम्स ब्रेडवूड. 22 जून 1861 रोजी टेम्सकाठी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. कापूस, ताग, चरबी असा भडकणारा माल आत भरलेला. भिंत अंगावर कोसळून ब्रेडवूड जागीच गेले, आणि ती आग पुरती विझायला पंधरवडा लागला. कंपन्यांचं एवढं नुकसान झालं की पुढच्याच वर्षी त्यांनी गृहमंत्र्यांना कळवलं, हे ओझं आता आम्हाला झेपायचं नाही.

त्यातून 1865 चा कायदा आला. त्यात दलाच्या खर्चाचे तीन वाटे होते. विमा कंपन्यांनी विमा उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांमागे 35 पौंड द्यायचे, सरकारनं वर्षाला 10,000 पौंड, आणि उरलेले स्थानिक करातून, पण पौंडामागे अर्ध्या पेनीहून अधिक नाही. जन्माच्या दाखल्यावरच खर्चाची मर्यादा लिहिलेली! पहिले प्रमुख कॅप्टन मॅसी शॉ कायम पैशाच्या तंगीत. 1889 मध्ये दल नव्या लंडन काउंटी कौन्सिलकडे गेलं, आणि दोनच वर्षांत कौन्सिलशी खटके उडून शॉ यांनी राजीनामा दिला. निवडून आलेली माणसं आणि बंब चालवणारी माणसं यांच्यातली ओढाताण तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे मुंबईचं अग्निशमन दल हे महापालिकेचंच एक खातं आहे. लंडनची घडी वेगळी. शहरात 32 बरो आणि जुनं सिटी, प्रत्येकाची स्वतंत्र परिषद. पण दल सगळ्यांचं मिळून एकच. 2013 मध्ये त्याचा कारभार 17 जणांच्या प्राधिकरणाकडे होता: आठ लंडन विधानसभेचे सदस्य, सात बरोंचे नगरसेवक आणि दोन महापौरांनी नेमलेले. वर महापौर बोरिस जॉन्सन, आणि त्यांच्या हाती एक अधिकार असा की प्राधिकरणानं काहीही ठरवलं तरी ते लेखी आदेश देऊन फिरवू शकत. पुढचं सगळं नाट्य या एका कलमावर उभं आहे.

केंद्र सरकारकडून येणारा पैसा आटत होता. दोन वर्षांत साडेचार कोटी पौंड वाचवायचे होते. दलाचे आयुक्त रॉन डॉब्सन यांनी पहिला आराखडा मांडला त्यात 12 केंद्रं आणि 18 बंब जाणार होते. जनसुनावण्यांनंतर तो बदलून 10 केंद्रं, 14 बंब आणि 552 पदं असा झाला. डॉब्सन यांचा मुद्दा सरळ होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धूरसूचक यंत्रं घरोघर बसली, सिगारेटी कमी झाल्या, फर्निचर पूर्वीसारखं भुर्रकन पेट घेत नाही. आगी खरोखरच घटल्या आहेत. मग तेवढीच केंद्रं कशाला? शिवाय उद्दिष्ट तसंच राहणार होतं: पहिला बंब सरासरी सहा मिनिटांत, दुसरा आठ मिनिटांत.

गोम त्या 'सरासरी'त होती. सरासरी साऱ्या शहराची. एका भागात दोन मिनिटं वाढली आणि दहा भागांत काही सेकंदच वाढले, तर आकडा सहाच्या आत सुखानं बसतो. ज्याच्या गल्लीतलं केंद्र गेलं, त्याला ती दोन मिनिटं शहराबरोबर वाटून घेता येत नाहीत.

आणि दुसऱ्या बंबाची एवढी फिकीर का, हे सभागृहात बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं याची मला शंका आहे. एका बंबावर चार-पाच माणसं असतात. धुरानं भरलेल्या घरात श्वसनयंत्र लावून शिरायचं तर एकट्यानं जात नाहीत, दोघं जातात. बाहेर एक जण फळा धरून उभा राहतो. आत गेलेल्यांचे बिल्ले त्यावर अडकवलेले असतात, कोण किती वाजता शिरला, नळकांड्यात हवा किती, ती कधी संपेल, हे तो लिहीत राहतो. एक जण पंपावर. अधिकाऱ्याची नजर साऱ्या घरावर. झाली माणसं. आत गेलेले दोघं छताखाली अडकले तर त्यांना काढायला जाणारी जोडी येते ती दुसऱ्या बंबातून. म्हणून वर्दी मिळाल्यापासून दुसरा बंब पोहोचेपर्यंतचा वेळ ही रहिवाशाइतकीच जवानाचीही चिंता आहे. लाल, पांढरी, निळी, हिरवी अशा चार पाळ्यांमध्ये दोन दिवस, दोन रात्री आणि मग चार दिवस सुट्टी, या चक्रात चोवीस तास माणसं बसवून ठेवायची ती याच काही मिनिटांसाठी. त्यांना कामाच्या नव्हे, हजर असण्याच्या मापानं मोजायला हवं. पगाराला वर्दींच्या संख्येनं भागून केंद्र 'महाग' ठरवणारा हिशेब मला म्हणूनच पटत नाही.

प्राधिकरणातल्या बहुमतालाही तो पटला नाही. जानेवारीत त्यांनी केंद्रं बंद करण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवायलाच नकार दिला; महापौरांनी आदेश काढून तो ठेवायला लावला. सप्टेंबरमध्ये अंतिम आराखडा फेटाळला, पुन्हा आदेश. त्याच महिन्यात विधानसभेत अँड्र्यू डिस्मोर या सदस्यानं कपातीवरून धारेवर धरलं, तेव्हा जॉन्सन यांनी सभ्य मराठीत लिहिता येणार नाही अशा दोन शब्दांत त्यांची बोळवण केली. आणि गंमत अशी, त्याच वर्षी महापौरांनी आपल्या वाट्याचा कर कमी केला होता. मध्यम गटातल्या घरामागे वर्षाला 306.72 पौंडांवरून 303 पौंड. म्हणजे आठवड्याला सात पेन्स. विरोधकांनी ते सात पेन्स वर्षभर सोडले नाहीत.

इझलिंग्टन, कॅम्डेन, हॅकनी, लॅम्बेथ, सदक, टॉवर हॅम्लेट्स आणि ग्रीनिच या सात परिषदा कोर्टात गेल्या. डिसेंबरमध्ये न्यायालयानं निर्णय कायदेशीर ठरवला. 9 जानेवारी 2014 रोजी सकाळी साडेनऊला, रात्रपाळी संपते त्याच वेळी, दहाही केंद्रं बंद झाली. 112 ची 102 उरली. त्यात क्लार्कनवेल होतं, जिथे 1872 पासून बंब होता. सदकचं केंद्र होतं, जिथून मॅसी शॉ यांनी दल चालवलं. ती जागा विकली गेली आणि तिथे शाळा आणि सदनिका आल्या. बेल्साइझची वारसायादीतली देखणी इमारतही घरांसाठी गेली.

ग्रेनफेल टॉवरचं नाव या वादात हमखास येतं. 14 जून 2017 च्या त्या आगीत 72 जण गेले. पण तिथे पहिला बंब पाच मिनिटांच्या आसपास पोहोचला होता. चौकशीनं बोट ठेवलं ते इमारतीच्या ज्वालाग्राही आवरणावर आणि 'घरातच थांबा' हा सल्ला वेळेत न बदलण्यावर. बंद केंद्रांच्या माथी ते मारणं प्रामाणिकपणाचं नाही. त्या रात्रीनं उणीव दाखवली ती वेगळीच: लंडनची सर्वांत उंच शिडी 32 मीटरची होती, 42 मीटरची शेजारच्या सरे परगण्यातून मागवावी लागली. मुंबईकडे तेव्हा 90 मीटरची होती. लंडननं 64 मीटरच्या शिड्या घेतल्या त्या त्यानंतर. बंबांचा खर्च कमी करताना शहर वरच्या दिशेनं किती वाढतंय, याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडला होता, हे विचारण्यासारखं आहे.

ते 17 जणांचं प्राधिकरणही आता नाही. एप्रिल 2018 मध्ये ते बरखास्त झालं. बंद झालेल्या दहांपैकी एक केंद्र सिल्व्हरटाउनचं, रॉयल डॉक्सच्या जुन्या गोदीभागातलं. तिथे नवी वस्ती उभी राहतेय, ती केंद्रं ठरवताना लक्षात घ्या, असं तेव्हा लोक सांगत होते. 2022 च्या सुरुवातीला महापौरांचं कार्यालयच टॉवर ब्रिजजवळची जागा सोडून त्या रॉयल डॉक्समध्ये राहायला आलं. मुख्य कारण दिलं गेलं: खर्च वाचतो.