दुकानाची वही आणि घराची वही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आमचे व्यापारी बंधु मोठ्या भक्तिभावानें वह्यांची पूजा करतात. कोणाकडून किती येणें आणि कोणास किती देणें, हें त्यांस वर्षभर तोंडपाठ असतें. परंतु त्यांच्यापैकीं एखाद्या गृहस्थास, "साठी उलटल्यावर आपला व आपल्या पत्नीचा चरितार्थ कशावर चालेल?" असें विचारावें, तर तो क्षणभर थांबून म्हणतो, "दुकान आहे, मुलगा आहे." ह्या दोन आधारांची आज आम्ही तपासणी करणार आहों.

प्रथम दुकान. नोकरदाराच्या पगारांतून भविष्य निर्वाह निधीची रक्कम परस्पर कापली जाते. दुकानदाराच्या नफ्यांतून असें कापून घेणारें कोणी नाहीं. नफा पुन्हा मालांत जातो, नाहीं तर लग्नकार्यांत. पुढें बाजारपेठ दुसरीकडे सरकते, मोठें कूळ उधारी बुडवतें, आणि देणेकरी दारांत आले म्हणजे त्यांची नजर प्रथम दुकानावरच जाते. ज्याची सारी पुंजी दुकानांत, त्यानें आपलें म्हातारपण गिऱ्हाइकांच्या उधारीवर टांगून ठेविलें आहे, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां मुलगा. आईबापांस पोसणें हें मुलांचें कर्तव्य खरेंच, आणि २००७ च्या कायद्यानें निर्वाहखर्च मागण्याचा हक्कही आईबापांस दिला आहे. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्याची पाळी कोणास हवी आहे? शिवाय आपल्या म्हातारपणाच्या धास्तीनें त्यास गल्ल्यावर बांधून ठेवणें हा त्याच्यावरही अन्यायच होय.

तर मग करावें काय? पहिली गोष्ट, घराची वही वेगळी करावी. लागेल तेव्हां गल्ल्यांत हात घालण्याची चाल मोडून, मालकानें स्वतःस दरमहा ठराविक वेतन लावून घ्यावें. असें केल्यावांचून दुकान घरास पोसतें कीं घर दुकानास खातें, हें समजणारच नाहीं.

दुसरी गोष्ट कर्जाची. विकल्या जाणाऱ्या मालासाठीं काढलेलें कर्ज आपलें व्याज आपण कमावूं शकतें. मांडव आणि पंगती ह्यांसाठीं काढलेलें कर्ज कांहींच कमावीत नाहीं. त्यांतही क्रेडिट कार्डाचें थकलेलें देणें सर्वांत घातक. दरमहा साडेतीन टक्के दर धरला, तर कांहींच न फेडल्यास सुमारें वीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते. 'किमान देय' म्हणून शेकडा पांच रुपये भरणाराच्या पांचांतले साडेतीन व्याजांतच जातात. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. कार्डाच्या व्याजास असा बांध नाहीं; तो आपला आपणच घातला पाहिजे.

तिसरी गोष्ट काळाची. तिसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत दरमहा २,००० रुपये सात टक्क्यांनीं ठेविले, तर ७ लाख २० हजारांचे सुमारें २४ लाख होतात. तोच गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षीं जागा झाला, तर त्याच्या ३ लाख ६० हजारांचे सुमारें ६ लाख ३४ हजारच होतात. भरणा निम्मा, पण फळ जेमतेम चौथाई. शिवाय महागाई वर्षास पांच टक्के धरली, तर तीस वर्षांत वस्तूंचे भाव चौपटीहून वर जातात. म्हणून मिळकत वाढेल तशी ही रक्कमही वाढवीत नेली पाहिजे.

चौथी गोष्ट, हा पैसा धंद्याच्या जोखमीबाहेर ठेवावा. १९६८ च्या कायद्यानें निघालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधींतील शिल्लक खातेदाराच्या कर्जासाठीं न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें जप्त होत नाहीं. राष्ट्रीय पेन्शन योजनाही १ मे २००९ पासून नोकरी नसलेल्या नागरिकांस खुली आहे. अधिक व्याजाच्या लोभानें पतसंस्थेंत आयुष्याची पुंजी ठेवणारांनीं मात्र ध्यानांत धरावें कीं, ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेंतील ठेवींस प्रत्येक ठेवीदारामागें ५ लाखांपर्यंत विमा आहे; पतसंस्थेंतील ठेवींस हें संरक्षण नाहीं.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळ घरांत पतीच्या पश्चात् पत्नीस प्रथम सावकार भेटतो आणि मग हिशेब समजतो. वास्तविक १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या सहाव्या कलमान्वयें पतीनें पत्नीच्या व मुलांच्या हिताकरितां तसें नमूद करून आयुष्याचा विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीं विश्वस्तनिधि ठरते. सावकारांस फसविण्याचा हेतु नसेल, तर पतीच्या देणेकऱ्यांस तिच्यावर हक्क सांगतां येत नाहीं. दीडशें वर्षांच्या ह्या कायद्याचा लाभ घेण्यास विम्याच्या अर्जाबरोबर एक पुरवणी कागद भरावा लागतो, इतकेंच. पण तो भरला आहे, विमापत्र कोठें ठेविलें आहे, कोणत्या खात्यावर कोणाचें नामनिर्देशन आहे, हें पत्नीस ठाऊक नसेल, तर कायदा असून नसल्यासारखाच. जिच्या हातीं आपण घर सोंपवितो, तिच्या हातीं घराची वही देण्यास संकोच कां वाटावा? आमच्या वाचकांनीं ही वही ह्याच महिन्यांत उघडावी, आणि ती दोघांनीं मिळून लिहावी.