महानगरपालिकांवरील राज्यनियंत्रण

राज्य विधिमंडळाच्या कायद्यांद्वारे महानगरपालिकांची स्थापना, रचना, अधिकार व उत्पन्न यांवर ठेवले जाणारे नियंत्रण. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे शहराच्या शासनसंस्थेस स्वयंभू अधिकार नसतात. राज्याचा कायदा देईल तेवढेच अधिकार तिला मिळतात आणि कायदा बदलला की तेही बदलतात. या संबंधाचे स्वरूप महाराष्ट्राच्या, विशेषतः मुंबईच्या, उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबईत १८६५ च्या कायद्याने नागरी कारभाराची बहुतेक सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती एकवटली. आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त असताना शहरसुधारणेची अनेक कामे झाली. तथापि वाढत्या खर्चामुळे करदात्यांत असंतोष पसरला. कार्यकारी अधिकारी सरकारने नेमावा, परंतु त्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभागृहाची देखरेख असावी, असा विचार फिरोजशहा मेहता यांनी १८७१ मध्ये मांडला. १८७२ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व स्वीकारले आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने सभागृह, स्थायी समिती व आयुक्त यांत सत्तेची विभागणी केली. हाच साचा १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही कायम राहिला.

नियंत्रणाची साधने : महापौर हा शहराचा प्रथम नागरिक व सभागृहाचा अध्यक्ष असला, तरी कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे असते आणि आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. त्यास परत पाठविण्यासाठी एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश नगरसेवकांचे मत आवश्यक असते. १९४९ च्या अधिनियमानुसार महानगरपालिकेचा ठराव निलंबित अथवा रद्द करण्याचा, तसेच विशिष्ट परिस्थितीत ती विसर्जित करण्याचा अधिकार शासनास आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा महानगरपालिका तयार करते. अंतिम मंजुरी शासनाची लागते. याखेरीज १९७४ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासारख्या संस्था शहराच्या हद्दीत काम करतात; परंतु त्या सभागृहास उत्तरदायी नसतात. एकाच शहरातील रस्ता, गृहनिर्माण व मेट्रोमार्ग वेगवेगळ्या संस्थांकडे असल्याने गैरसोयीबद्दल जाब कोणास विचारावा, हे सामान्य नागरिकास उमगत नाही.

करविषयक मर्यादा : कोणते कर बसवावेत हे विधिमंडळ ठरविते. जकात हे महानगरपालिकांचे दीर्घकाळ प्रमुख उत्पन्न होते. मुंबई वगळता इतरत्र २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच संपली. तिच्याऐवजी कायद्याने नुकसानभरपाई मिळू लागली. म्हणजे स्वतः वसूल केलेल्या उत्पन्नाची जागा राज्याकडून येणाऱ्या रकमेने घेतली. मुंबईतील ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना २०२२ मध्ये मालमत्ता करातून सूट मिळाली, तीही राज्याच्या निर्णयाने. उत्पन्नातील घट मात्र महानगरपालिकेच्या वाट्यास आली.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती : १९९२ ची ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. तिने पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग व राज्य वित्त आयोग यांची तरतूद केली. बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा इ. अठरा विषय नमूद आहेत. तथापि अनुच्छेद २४३ डब्ल्यूनुसार हे अधिकार विधिमंडळ देऊ शकते. ते दिलेच पाहिजेत असे बंधन नाही. या दुरुस्तीने महानगरपालिकांच्या अस्तित्वास संरक्षण दिले. अधिकारांस मात्र दिले नाही.

हे संरक्षणही व्यवहारात किती अपुरे ठरते, हे पुढील घटनांवरून दिसते. मुंबईतील नगरसेवकांची २२७ ही संख्या २०२१ मध्ये २३६ करण्यात आली व सत्तांतरानंतर २०२२ मध्ये पुन्हा २२७ झाली. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारा कायदाही विधिमंडळाने संमत केला. हे बदल आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत शासननियुक्त आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होता. अंदाजपत्रक मांडणारा व त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच होता.

मूल्यमापन : राज्यनियंत्रण सर्वस्वी अनिष्ट नाही. लहान महानगरपालिकांना आर्थिक साहाय्य, हिशेबतपासणी, गैरव्यवहारास आळा आणि शेजारच्या शहरांत समन्वय यांसाठी त्याची आवश्यकता असते. प्रश्न मर्यादेचा आहे. पर्यवेक्षणाने स्थानिक संस्था जबाबदार बनते. तिच्या वतीने निर्णय घेतल्यास मतदार व निर्णय यांतील दुवा तुटतो. १८७१ मध्ये मुंबईच्या करदात्यांपुढे हाच प्रश्न होता.